पुंडी पल्ल्या आणि शुक्राची चांदणी

सकाळी सकाळी एका ग्रुपवर दोन चित्रं शेजारी-शेजारी. एक माद्रिदला ठेवलेल्या माया पोथीतलं (माया म्हणजे मेक्सिको-ग्वाटेमालाकडचे मूळ लोक), दुसरं लिव्हरपूलला ठेवलेल्या फेयेरवारी-मायर पोथीतलं, म्हणजे मध्य मेक्सिकोच्या धाटणीचं. दोन्हीकडे चार दिशा, मधोमध देव, भोवती 260 दिवसांच्या पंचांगाचे ठिपके. वर मथळा: 'कॉपी पकडली!' खाली दात काढणारे चेहरे. डोकंच फिरलं.

अरे, कॉपी कसली?

माझ्या आजीची सोलापूरची वही आहे. लाल पुठ्ठा, तेलाने आरपार दिसायला लागलेली पानं. त्यात एका पानावर 'पुंडी पल्ल्या, शेजारच्या अव्वांची', म्हणजे अंबाडीची कानडी भाजी. आजीला कानडी लिहिता यायचं नाही. कानावर पडलं तसं देवनागरीत उतरवलं आणि खाली स्वतःच्या मनाने लसूण दुप्पट केला.

ड्रेस्डेनच्या माया पोथीत नेमकं हेच आहे. शुक्राचं कोष्टक, 584 दिवसांचा फेरा, असे पाच फेरे म्हणजे आठ वर्षं. आकडे मायांचे, टिंबं आणि आडव्या रेघांचे. आणि शुक्राच्या एका रूपाचं नाव? ता-वि-सि-का-ला. म्हणजे मध्य मेक्सिकोतल्या नाहुआ लोकांचा त्लाविस्काल्पान्तेकुत्ली, पहाटेचा स्वामी! 'त्ल' मायांच्या जिभेवर बसेना, म्हणून नुसता 'त' ठेवला. शेपूटही कापलं. तिकडे मध्य मेक्सिकोच्याच धाटणीच्या बोर्जिया पोथीत हाच देव भाले मारत उभा आहे. परक्याचा देव आपल्या लिपीत, आपल्या गणितात बसवायला त्या लेखकाने किती डोकं लावलं असेल! याला चोरी म्हणायचं, तर आमची आजी अट्टल चोर.

बरं, मान्य. सगळं काही वाटीभर साखरेच्या शेजारधर्माने आलं नसेल. व्यापार होता, लढायाही होत्या. असू देत.

आणि पोथ्यांच्या बाबतीत गुन्हाच शोधायचाय ना? मग 1562 बघा. मेक्सिकोच्या युकातानमधल्या मानी गावात दिएगो दे लांदा या स्पॅनिश पाद्र्याने मायांच्या पोथ्यांची होळी केली. आज स्पॅनिश लोक यायच्या आधीच्या माया पोथ्या उरल्यात चार. चार! त्यावर कुणाला मथळा सुचत नाही.

ग्रुपवर हे सगळं लिहिलं आणि खोडलं. सकाळी कोण वाचणार. आजीची वही काढून बसलेय. अव्वांकडेही एक वही होती म्हणे, आजीचं थालीपीठ कानडीत लिहिलेलं. त्यांनी त्यात काय वाढवलं असेल?