‘एक अभ्यासक’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर : भैरव थाट आणि ‘चार पडदे’

सप्रेम नमस्कार.

भैरव थाटाच्या (थाट म्हणजे ज्यातून राग निघतात तो सात स्वरांचा संच) स्वरांतून गिटारचे कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरसमूह, कसे रचावेत, या माझ्या लेखावर आपण ‘एक अभ्यासक’ या नावाने तीन आक्षेप घेतले आहेत. कोष्टकातील एका कॉर्डचे नाव चुकले आहे. ई मेजर आणि एफ मेजर आलटून पालटून वाजवले की कानाला ए मायनर हेच घर वाटू लागते आणि षड्ज हरवतो. आणि, आपल्याच शब्दांत, ‘चार पडदे दाबता आले म्हणून भैरव कळला असे होत नाही’.

पहिला आक्षेप मान्य आहे. ई हा षड्ज धरला की निषाद डी शार्प येतो आणि त्यावर एक स्वर सोडून एक घेतल्यास डी शार्प, एफ, ए, म्हणजे नि, कोमल रे, म असा कॉर्ड मिळतो. शुद्ध निषादापासून कोमल ऋषभ दोनच पडद्यांवर असल्याने त्याला डिमिनिश्ड (ज्यात लागोपाठच्या स्वरांत तीन-तीन पडद्यांचे अंतर असते) म्हणणे चूक होते. कोष्टक दुरुस्त केले आहे.

आता त्या ‘चार पडद्यां’विषयी. लेखाच्या मथळ्यातच ‘थाट’ हा शब्द आहे. राग शिकवण्याचा दावा मी कुठेही केलेला नाही. संगीतशास्त्रकार भातखंडे यांनी जे दहा थाट मांडले त्यांत भैरव हा एक, आणि त्याच स्वरांत कालिंगडा हा रागही गायला जातो, ज्यात ऋषभ-धैवतावर भैरवाचे ते आंदोलन, म्हणजे स्वर संथ झुलवणे, नसते. म्हणजे स्वर तेच राहूनही राग बदलतो, हे मला पक्के ठाऊक आहे आणि म्हणूनच मी थाटापाशी थांबलो. हे आपण वाचले असते, तर ते वाक्य लिहिण्याची वेळ आपल्यावर आली नसती.

माझे बालपण मिरजेत, तंबोरे बनवणाऱ्यांच्या दुकानांपासून हाकेच्या अंतरावर गेले. वयाच्या नवव्या वर्षापासून अकरा वर्षे मी गाणे शिकलो आणि त्यातला पहिला हिवाळा पहाटेच्या अंधारात षड्ज आणि कोमल ऋषभ या दोनच स्वरांवर गेला. गिटार हाती आली ती त्यानंतर. त्यामुळे भैरव कोणाला कळला आणि कोणाला नाही, याचा निवाडा टोपणनावाआडून देणाऱ्याने समोरच्याची थोडी चौकशी करावी, एवढी अपेक्षा गैर नसावी.

पडद्यांच्या वाद्याकडे नाक मुरडणे आपल्याकडे नवे नाही. नभोवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली आणि ती १९७१पर्यंत टिकली, तेव्हाही मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे) निघत नाही आणि स्वर बेसूर आहेत हेच कारण पुढे केले जात होते. त्या काळातही मैफलींत गवयाच्या शेजारी पेटी होतीच. माझ्या गिटारचा गंधार तंबोऱ्याच्या स्वयंभू गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (एका पडद्याच्या अंतराचे शंभर सेंट) चढा आहे, हे मी नाकारत नाही. परंतु खर्जाच्या तारेतून तो गंधार आपोआप उमटतो आणि पंचम शेजारी असतोच, तेव्हा सा-ग-प हा कॉर्ड मी बाहेरून आणून भैरवावर लादला, असे कसे म्हणता येईल? आंदोलनाचे म्हणाल, तर पहिल्या पडद्यावर तार ओढणे जड जाते म्हणून मी कोमल ऋषभ पाचव्या तारेच्या आठव्या पडद्यावर घेतो. तिथे तार हवी तेवढी हलते. पण हे ऐकायला लेखासोबतचे ध्वनिमुद्रण ऐकावे लागते.

लेखातील खरी गंमत ज्यात आहे, असे मला वाटते, त्याबद्दल आपण अवाक्षर काढलेले नाही. मोकळ्या तारांपैकी डी आणि जी या थाटात बसत नाहीत, त्यामुळे हात सवयीच्या कॉर्डकडे वळू लागला की थांबवावा लागतो. आणि पंचमावर बी, डी शार्प, एफ, ए असा जो कॉर्ड तयार होतो (पाचव्या तारेपासून दुसऱ्या तारेपर्यंत अनुक्रमे दुसरा, तिसरा, दुसरा, चौथा पडदा, दोन्ही ई तारा बंद), तो एफपासून मोजला तरी त्याच जातीचा ठरतो. म्हणजे पंचम आणि कोमल ऋषभ एकाच मुठीत सापडतात. मला हे उमगायला दोन महिने लागले होते. आपल्याला ते ‘पडदे दाबणे’ वाटले.

राहिला ए मायनरचा मुद्दा. तो कानाच्या सवयीचा प्रश्न आहे, त्यावर फार लिहिण्याचे कारण दिसत नाही. खालची ई तार अखंड वाजती ठेवली की षड्ज हरवत नाही. निदान माझा तरी हरवत नाही. ध्वनिमुद्रणाच्या अखेरीस मी ए मायनरवर थांबलो आहे हे खरे, पण ते जाणूनबुजून केले आहे.