नऊवारी पाहिजे, गोष्ट नको

आत्ता लेकीच्या शाळेच्या ग्रुपवर मेसेज आला आणि डोकंच सटकलं. २१ फेब्रुवारीला मातृभाषा दिन करणारेत, मुलांनी आपापल्या 'कल्चर'चे कपडे घालून यायचं, होम लँग्वेजमध्ये एक वाक्य बोलायचं, एक पदार्थ आणायचा, आणि जमलं तर आजीला नऊवारीत पाठवा, फोटो बूथ आहे.

आजीला! ज्या आजीला ह्याच शाळेने ग्रँडपेरेंट्स डेला गोष्ट सांगू दिली नाही.

आज सांगूनच टाकते. आमच्या आई, म्हणजे सासूबाई, इथेच बडोद्यात मराठी शाळेत आख्खी नोकरी केलेल्या. त्या दिवशी म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट सांगायची म्हणून खंडेराव मार्केटमधून खराखुरा लाल भोपळा आणला, छान गोल, देठासकट. आणि वर्गाच्या दारात कोऑर्डिनेटर गोड हसून म्हणते, "आंटी, इंग्लिश में बोलेंगे ना? बाकी बच्चों को समझ नहीं आएगा." आई "बरं बरं" म्हणाल्या आणि मागच्या खुर्चीवर जाऊन बसल्या, भोपळा पिशवीत, पायाशी. टीचरने कुठल्याशा अस्वलाचं पुस्तक वाचून दाखवलं. घरी आल्यावर आईंनी त्या भोपळ्याच्या घाऱ्या केल्या, एक शब्द बोलल्या नाहीत.

कळणार नाही म्हणे. भोपळा हातात आहे, म्हातारी थरथरतेय, वाघ डरकाळी फोडतोय, ह्यात न कळण्यासारखं काय आहे? वर्गातल्या त्या कोरियन मुलालाही कळलं असतं, आणि मग त्याच्या आईलाही वाटलं असतं ना की आपणही येऊन सांगावी एखादी.

वर्षभर बसमध्ये 'ओन्ली इंग्लिश', मराठीत बोललं की मॉनिटर नाव लिहिते, आणि एक दिवस फुगे लावून मातृभाषा! अरे, १९५२ साली ढाक्यात पोरं बांगलासाठी रस्त्यावर उतरली आणि गोळ्या खाऊन मेली, त्यावरून युनेस्कोने १९९९ मध्ये हा दिवस जाहीर केला. निदान तेवढं तरी सांगा मुलांना.

आणि तो पदार्थ. गेल्या वर्षी लेकीला महाराष्ट्राच्या नकाशाखाली उभं केलं, हातात वडापाव. आमच्या घरात कुणी महाराष्ट्रात राहिलेलंच नाही हो! आम्ही बडोदेकर, आमची उसळ शेव घालून, आमचा चिवडा लीलो, म्हणजे ओलसर, मराठी बोलता बोलता मध्येच गुजराती येतं आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. हे कल्चर त्यांच्या कुठल्या स्टॉलवर बसणार?

ज्या गावात सयाजीराव महाराजांनी, स्वतः मराठी असून, गुजराती प्रजेला तिच्या भाषेत शिकवलं, शहरात मराठी शाळाही चालवल्या, १९०६ ला अख्ख्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि फुकट केलं, त्या गावात हे चाललंय.

आता कमेंटमध्ये म्हणाल की शाळा तुम्हीच निवडलीत, आणि एवढ्या भाषांची मुलं एकत्र शिकायची तर एक कॉमन भाषा लागणारच. लागते, मान्य. वर्गात इंग्लिश असू दे. पण मधल्या सुट्टीत? बसमध्ये? गोष्टीच्या तासाला?

टीचरवर मात्र राग नाही माझा. केरळची मुलगी आहे, लहानच आहे. एकदा पिकअपला लवकर गेले तर जिन्याखाली उभी राहून हळू आवाजात आईशी मल्याळममध्ये बोलत होती, मला बघितलं आणि पटकन फोन ठेवला. इतकं वाईट वाटलं. तिच्या तोंडून तिची भाषा ह्या पोरांनी कधी ऐकलीच नसेल.

काही फार मागत नाहीये मी. लायब्ररीत एक कपाट घरच्या भाषांच्या पुस्तकांचं, आयांनी-आज्यांनी येऊन वाचायचं. प्रोजेक्टचा विचार मुलांनी हव्या त्या भाषेत करू दे, मग इंग्लिशमध्ये लिहू दे. आयबी, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, हे ह्या शाळेचं बोर्ड; त्याच्या अकरावी-बारावीच्या डिप्लोमात तर शाळेत त्या भाषेचा शिक्षक नसला तरी मूल आपल्या भाषेतलं साहित्य सेल्फ-टॉट, म्हणजे स्वतः अभ्यास करून, घेऊ शकतं, म्हणजे ह्यांच्याच बोर्डाला ते चालतं. मग चौथीच्या वर्गाला काय प्रॉब्लेम आहे?

मंगळवारी पेरेंट्स मीटिंग आहे. मी लेखी देणार आहे: बसचा नियम काढा, आणि गोष्टीचा तास आजी-आजोबांना त्यांच्या भाषेत द्या. शाळेतल्या ज्यांना सही करायचीये त्यांनी इनबॉक्समध्ये या, गुजराती, सिंधी, मल्याळी, सगळेच या. आईंना मी अजून काही विचारलेलं नाही, शाळेने आधी हो म्हणू दे, मग विचारेन.