‘हार्डवेअरच्या दुकानाची यादी’: एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

तेलरंगाच्या स्टुडिओवरच्या लेखाला तुम्ही दिलेली प्रतिक्रिया सावकाश वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: कॅनव्हास, जेसो (कॅनव्हासवर रंगाआधी द्यायचं पांढरं अस्तर), रंग पातळ करायचं टर्पेंटाइन, चिंध्या यांवर पानंच्या पानं खर्ची घातली आहेत आणि चित्र सुचतं कसं यावर एक ओळ नाही, ही तर हार्डवेअरच्या दुकानाची यादी झाली. चित्रकार वासुदेव गायतोंडे वर्षाला मोजकीच चित्रं करायचे, बाकीचा वेळ विचारात जायचा, खरा स्टुडिओ तो. तयार कॅनव्हास मिळत असताना हा खटाटोप कशाला? आपल्या हवेत तेलरंगाचा हट्ट कशाला, पाण्याने पातळ होणारा ॲक्रेलिक रंग बरा. आणि स्टुडिओला उत्तरेचीच खिडकी हवी, हा नियम युरोपातून जसाच्या तसा उचललाय.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. लंडन-पॅरिसला भर दुपारचा सूर्य कधीच उत्तरेकडे जात नाही, म्हणून तिथली उत्तरेची खिडकी दुपारी बारा महिने शांत. मुंबई १९ अक्षांशावर आहे. इथे शून्य सावलीचा दिवस, म्हणजे माध्यान्हीचा सूर्य नेमका डोक्यावर येतो तो, मेच्या मध्याला येतो आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस. मधल्या काळात माध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. त्याच्या अलीकडे-पलीकडेही उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ तिरीप उत्तरेच्या खिडकीतून आत येते. म्हणजे ढग भरून येईपर्यंत तिथेही पडदा हवाच. तो पांढरा सुती घ्यावा. मोतिया किंवा क्रीम घेतला की सगळ्या खोलीवर पिवळी झाक चढते. शहरात आणखी एक अडचण असते. समोरच्या इमारतीचा रंग. समोर गुलाबी भिंत असेल तर उत्तरेचा उजेडही गुलाबी येतो, आणि चित्रकार नकळत सगळीकडे हिरवट छटा मिसळत बसतो. अशा खोलीत ५००० केल्विनचे, सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचं माप) ९० च्या वरचे दिवे लावून काम करणं जास्त भरवशाचं. मात्र एकच उजेड कॅनव्हास आणि पॅलेट दोन्हींवर पडला पाहिजे. पॅलेट उजेडात आणि कॅनव्हास सावलीत असेल, तर पॅलेटवर नेमका वाटलेला रंग कॅनव्हासवर काळवंडलेला दिसतो. लेखात हे यायला हवं होतं.

आता मुख्य मुद्दा. सुचणं आधी, रंगवणं नंतर, अशी तुमची मांडणी आहे. माझं मत वेगळं आहे आणि ते ठाम आहे. तेलरंगात चित्राचा निम्मा विचार अस्तर, उजेड आणि वाळायला लागणारा वेळ यांच्याशी झगडतानाच होतो. एक उदाहरण जवळून बघू: चित्राला सुरुवात करण्याआधी कॅनव्हासला दिलेला रंगाचा पहिला हात.

पांढऱ्याशुभ्र कॅनव्हासवर मध्यम छटेचा रंग लावला की शेजारच्या पांढऱ्यामुळे तो आहे त्याहून गडद दिसतो. मग आपोआप रंगात पांढरा वाढत जातो. कॅनव्हासचा सगळा पांढरा झाकला गेल्यावर लक्षात येतं, की चित्र पिठूळ झालंय आणि खरा गडद कुठे उरलाच नाही. म्हणून रॉ अंबरमध्ये (मातकट तपकिरी) किंचित अल्ट्रामरीन (गडद निळा) घालायचा, टर्पेंटाइनने चहाच्या पाण्याइतका पातळ करायचा, रुंद ब्रशने फासायचा आणि चिंधीने पुसून घ्यायचा. छटा वाळलेल्या सिमेंट-प्लास्टरइतकी उरली की पुरे. अंबरच का, तर त्यातल्या मँगॅनीजमुळे तो पातळ थरात एक-दोन दिवसांत वाळतो. त्याऐवजी आयव्हरी ब्लॅक घेतला तर तो आठवडाभर चिकट राहू शकतो, आणि ओल्या थरावर लवकर वाळणारा थर चढला की पुढे वरचा तडकतो.

समजा विषय पावसाळ्यातल्या घाटाचा आहे. डोळ्यांपुढे नुसता हिरवा. तिथे करड्याऐवजी बर्न्ट सिएनाचा तांबूस हात दिला आणि हिरव्याच्या फटकाऱ्यांमध्ये तो जागोजागी उघडा ठेवला, की हिरवा जिवंत होतो आणि ओल्या मातीची ऊबही आपसूक येते. ट्यूबमधला कच्चा हिरवा टाळून लेमन यलोत आयव्हरी ब्लॅक मिसळला तर शेवाळी हिरवा मिळतो, तो या तांबड्यावर विशेष शोभतो. पण मग आकाशाचा थंड करडा या तांबड्यावरून कितपत झाकायचा, हे आधीच ठरवावं लागतं. हा विचार चित्राचाच आहे, आणि तो ब्रश, चिंधी हातात असतानाच सुचतो.

तरी तुमची एक तक्रार रास्त आहे: कच्च्या आराखड्यांबद्दल लेखात काहीच नव्हतं. पोस्टकार्डाएवढ्या चौकटी आखायच्या आणि प्रत्येकीत फक्त तीन छटा वापरायच्या, कागदाचा पांढरा, एक मधली, एक काळी. एकाला पाच मिनिटांहून जास्त देऊ नये. आठ-दहा झाल्या की त्या भिंतीला टाचून खोलीच्या दुसऱ्या टोकावरून बघायच्या. तिथून जी वाचता येते ती घ्यायची. तीन छटांत जे उभं राहत नाही ते तीस रंगांतही राहत नाही.

तयार कॅनव्हासचं म्हणाल, तर जरूर घ्या. फक्त तो उजेडासमोर धरून मागून बघा. सुईच्या अग्राएवढे प्रकाशाचे ठिपके दिसले तर अस्तर अपुरं आहे, आणि स्वस्त कॅनव्हासवर ते बहुधा दिसतातच. तिथून तेल थेट कापडात शिरतं आणि सुती धागा काही वर्षांत ठिसूळ होतो. लाकडी चौकटीच्या आतल्या कडेला उतार आहे का तेही पाहा. नसेल तर कापड लाकडाला टेकतं आणि चित्रावर चारही बाजूंनी सरळ रेघ उमटते.

दुरुस्ती सोपी आहे. चार भाग ॲक्रेलिक जेसोत एक भाग पाणी घालून एक हात आडवा, तो वाळला की २२० नंबरचा पॉलिश पेपर हलकेच फिरवायचा, मग दुसरा हात उभा. तेलरंगाआधी निदान तीन दिवस थांबा, पावसाळ्यात त्याहून जास्त. हाताची मागची बाजू टेकवून बघा. गार लागलं तर पाणी अजून आत आहे. पण पॉलिश पेपर घासून घासून पृष्ठभाग खडूसारखा करू नका, नाहीतर तो रंगातलं तेल शोषून घेतो आणि रंग ‘बसतो’. गडद भाग दुसऱ्या दिवशी राखेसारखे निस्तेज दिसतात, माणूस ते आणखी गडद करत जातो आणि वॉर्निश लावल्यावर सगळं काळंकुट्ट होतं. बसलेल्या रंगावर उपाय असा: रंग स्पर्शाला पूर्ण वाळला असेल तर जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन समसमान घेऊन, धागे न सुटणाऱ्या कापडाने अगदी पातळ चोळायचं आणि जादा तेल पुसून टाकायचं. मूळ रंग परत दिसतो. त्यानंतरच पुढच्या रंगाचा निर्णय घ्यावा.

गायतोंड्यांबद्दलचा तुमचा आदर माझाही आहे. पण त्यांचं उदाहरण तुमच्या विरोधात जातं असं मला वाटतं. ते रोलर आणि पॅलेट नाइफने रंग चढवत, काढत, कागदाचे तुकडे दाबून रंग उचलत. रंग फार ओला असला तर कागदाबरोबर सगळाच निघून येतो, सुकला असला तर काहीच येत नाही. मधली ती नेमकी अवस्था ओळखायची आणि तिची वाट पाहायची, यात दिवस जातात. त्या चित्रांतली शांतता आणि आतून आल्यासारखा वाटणारा उजेड पातळ थरांवर थर चढल्यामुळे दिसतो. खुर्चीत बसून चित्राकडे बघत राहण्याचा वेळ आणि थर वाळण्याचा वेळ एकाच दिवसात जात असणार. विचार आणि सामान तिथे वेगळे काढता येत नाहीत.

आपल्या हवेत ॲक्रेलिक बरा, हे अर्धंच खरं. मे महिन्यात पंख्याखाली ॲक्रेलिकवर पॅलेटवरच साय धरते, आणि वाळल्यावर तो थोडा गडद होतो, त्यामुळे कालची छटा आज जुळवणं कठीण. उन्हाळ्यात त्याचा पृष्ठभाग मऊ पडतो. चित्रं एकमेकांना टेकवून ठेवली तर चिकटतात. मध्ये सिलिकॉन पेपर घालावा, बुडबुड्यांचं प्लॅस्टिक थेट रंगावर नको, त्याचे गोल ठसे उमटतात. तेलरंगाची अडचण उलटी. तेल उडून जात नाही, हवेतल्या ऑक्सिजनशी जुळून घट्ट होतं, आणि दमट, अंधाऱ्या दिवसांत ही क्रिया रेंगाळते. म्हणून जुलैत काम करताना खालचे थर टर्पेंटाइनचे, वरचे तेलाचे, हा क्रम काटेकोर पाळावा आणि थर पातळ ठेवावेत. वाळत ठेवलेलं चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवू नये. अंधारात जवसाचं तेल पिवळं पडतं; दिवसाच्या उजेडात आणल्यावर ते बऱ्याच अंशी निवळतं, पण मुळात टाळलेलं बरं. मागून हवा खेळायला भिंतीपासून चार बोटं अंतर हवं, नाहीतर कापडाला बुरशी धरते. आणि तेलरंगावर ॲक्रेलिक कधीही चढवू नका. उलटं चालतं.

तुम्ही शेवटी विचारलंय, चिंध्यांचं वर्णन कोणाला हवंय? लेखात ते कमीच पडलं, म्हणून इथे पूर्ण करतो. जवसाचं तेल वाळताना उष्णता बाहेर पडते. कॅनव्हासवर ती हवेत निघून जाते. पण तेलाने भिजलेली चिंधी चुरगळून कोपऱ्यात किंवा केराच्या बादलीत टाकली की बोळ्याच्या आत उष्णता साठते आणि तो काडी न लावता पेटू शकतो, तेही चित्रकार घरी गेल्यावर. शेजारी टर्पेंटाइनची बाटली असतेच. त्यामुळे काम थांबवताना तेलाची प्रत्येक चिंधी पाण्यात बुडवा आणि झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यासकटच ठेवा. पाणी नसेल तर एकेक चिंधी मोकळी पसरून उघड्यावर, सावलीत वाळत घाला. कडक झाली की मगच केरात. दोन चिंध्या एकावर एक ठेवू नका.