बडोदं दारं बंद करून घडलेलं नाही

आपल्या बडोद्याच्या मराठी ग्रुप्सवर सध्या एक फॉरवर्ड जोरात फिरतोय. १९९१ च्या आधी आपली संस्कृती शुद्ध होती, जागतिकीकरणाने ती भेसळीची केली, संस्कृतींचा संवाद म्हणजे पश्चिमेने बोलायचं आणि आपण ऐकायचं, जपानने दोनशे वर्षं दारं लावून घेतली म्हणून तो टिकला, आणि आपली मुलं मराठी बोलत नाहीत तेही याच सगळ्यामुळे, असं त्यात म्हटलंय. माझ्या घरातल्या मोठ्या माणसांनीही तो मनापासून पाठवलाय, त्यांची काळजी खरी आहे, म्हणूनच एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतेय.

आधी शुद्धतेचं. एकादशीचं ताट बघा, साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो, बटाटा, रताळं, शेंगदाणे, हिरवी मिरची, ही सगळी पिकं मूळची अमेरिका खंडातली, युरोपियन जहाजांबरोबर इकडे आलेली, आणि आपण ती इतकी आपली केली की उपवासाला ती चालतात आणि गहू चालत नाही.

आणि बडोद्यात राहून शुद्धतेचं बोलायचं म्हणजे तर कमालच. लक्ष्मी विलास पॅलेसचं डिझाइन मेजर मँट या इंग्रज आर्किटेक्टचं. भरतनाट्यम इथे आलं ते बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या पहिल्या राणीसाहेब तंजावरच्या होत्या म्हणून, त्यांच्या लग्नाबरोबर तिथले कलाकार आले. गावोगावी जी मोफत वाचनालयं निघाली, पुस्तकांच्या फिरत्या पेट्या खेड्यात जायला लागल्या, ती व्यवस्था बसवायला महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बोर्डन नावाच्या अमेरिकन लायब्रेरियनला बोलावलं. कोणी लादलं नव्हतं हे, काय हवंय ते आधी ठरवून माणूस शोधून आणला होता आणि मला हाच फरक सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

संवाद एकतर्फी असतो म्हणे. गायक मौलाबक्षांनी १८८६ मध्ये महाराजांच्या आधाराने इथे गायनशाळा काढली, त्यांचा बडोद्यातच जन्मलेला नातू इनायत खान १९१० मध्ये अमेरिकेला गेला आणि आपलं संगीत, सूफी विचार घेऊन पुढे युरोपभर फिरला. १९१३ मध्ये डॉ. आंबेडकर बडोद्याच्या स्कॉलरशिपवर कोलंबिया विद्यापीठात गेले, आणि तिथे जे शिकले ते पुढे या देशाच्या किती कामी आलं हे मी सांगायला नको. १९१६ पासून गायकवाड ओरिएंटल सिरीज निघायला लागली, जुन्या पोथ्या शोधून, तपासून छापलेल्या, त्या जगभरच्या संस्कृत अभ्यासकांनी वापरल्या. म्हणजे आपण नुसतं ऐकत नव्हतो, बोलतही होतो.

हां, एक गोष्ट फॉरवर्डवाल्यांची मी पूर्ण मान्य करते, की ताकद सारखी नसते. हळदीने जखम बरी होते हे आपल्या प्रत्येक आजीला माहीत, तरी १९९५ मध्ये अमेरिकेत त्याचं पेटंट दिलं गेलं. राग येण्यासारखंच आहे. पण ते परत कसं मिळवलं? डॉ. माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने जुने ग्रंथ, छापील लेख असे पुरावे काढून त्यांच्याच पेटंट ऑफिसात दावा लावला आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. आपलं ज्ञान लिहिलेलं, छापलेलं होतं आणि त्यांचे नियम आपल्याला कळत होते म्हणून जिंकलो, घरात बसून राहिलो असतो तर ते पेटंट तसंच राहिलं असतं.

जपानचं उदाहरण तर उलटंच पडतं. दारं बंद असतानाही नागासाकीजवळच्या देजिमा बेटावर डच व्यापारी होते, चीनशीही व्यापार चालू होता, डचांकडून पुस्तकं येत होती आणि १७७४ मध्ये जपानी वैद्यांनी शरीररचनेच्या डच पुस्तकाचं भाषांतर छापलं. १८५३ मध्ये अमेरिकन युद्धनौका दारात उभ्या राहिल्या तेव्हा त्या बंद दारांचा काही उपयोग झाला नाही. पुढे १८७१ मध्ये त्यांनी मंत्री आणि विद्यार्थी जगभर पाठवले, डोळे उघडे ठेवून शिकून या म्हणून, आणि जपान उभा राहिला तो त्यानंतर.

राहिला मराठीचा मुद्दा, तो मला सगळ्यात जास्त लागतो. आपण जवळजवळ तीनशे वर्षं गुजरातीच्या मधोमध राहतोय, दांडिया बाजारात भाजी गुजरातीत घेतो, शेजाऱ्यांशी गुजरातीत भांडतो पण आणि घरात शिरलो की मराठी, त्याने मराठी गेली नाही. मराठी जातेय ती गेल्या काही वर्षांत, ज्या घरांत शाळेच्या अ‍ॅडमिशनच्या धास्तीने आईबाबाच मुलांशी मोडक्या इंग्लिशमध्ये बोलायला लागले त्या घरांत. माझी भाची इंग्लिश मीडियमलाच आहे, नवरात्रात मैत्रिणींशी गुजरातीत गप्पा मारते आणि आजीशी अस्खलित मराठी बोलते, कारण आजीने ती अगदी लहान असल्यापासून इंग्लिशमध्ये काही मागितलं तर द्यायचंच नाही असं ठरवलं होतं.