सारखी दिसणारी ॲप्स आणि चोरीचा आरोप

“सगळी ॲप्स आता सारखीच दिसतात, कारण डिझायनर एकमेकांची चोरी करतात, खरा डिझायनर प्रत्येक स्क्रीन शून्यातून घडवतो,” हे विधान पुण्यात डिझाइन शिकणाऱ्या मुलामुलींमध्ये सध्या फार फिरते आहे. ते त्यांना चुकीच्या दिशेने नेणारे आहे, म्हणून त्याचा प्रतिवाद करणे मला आवश्यक वाटते.

पहिला मुद्दा सारखेपणाचा. ॲपल आणि गूगल या कंपन्या आपापल्या प्रणालींसाठी डिझाइनचे संकेत आणि तयार घटक स्वतःच प्रसिद्ध करतात. गूगलचे ‘मटेरियल डिझाइन’ २०१४ पासून उपलब्ध आहे. ते वापरणे ही चोरी नव्हे. मंडईत एका हातात भाजीची पिशवी सांभाळत दुसऱ्या हाताने पैसे पाठवणाऱ्या माणसाला स्कॅनचे बटण न शोधता सापडले पाहिजे. तिथे केवळ वेगळेपणासाठी केलेला बदल त्याची अडचण करतो.

‘शून्यातून’ हा आग्रह तर इतिहासालाच धरून नाही. यादी खाली ओढली की ती ताजी होते, ही कल्पना लोरेन ब्रिक्टर या प्रोग्रामरने ‘ट्वीटी’ या ट्विटर वाचण्याच्या ॲपमध्ये आणली. यादीच्या वरच्या टोकाला पोहोचलेल्या माणसाला त्याहून नवे काहीतरी हवे असते, हे ओळखून त्यांनी बोटाच्या सवयीच्याच हालचालीला पुढचा अर्थ दिला. ट्विटरने २०१० मध्ये ते ॲप विकत घेतले, २०१२ मध्ये ॲपलने हीच रीत आपल्या मेलमध्ये आणली आणि आज ती असंख्य ॲप्समध्ये आहे. मौलिकता इथे निरीक्षणात होती, आणि ती जुन्या सवयीवरच उभी होती.

चोरीचा आरोप मात्र सरसकट फेटाळता येत नाही. स्नॅपचॅटने २०१३ मध्ये आणलेल्या ‘स्टोरीज’ इन्स्टाग्रामने २०१६ मध्ये नावासकट उचलल्या. इन्स्टाग्रामचे तेव्हाचे प्रमुख केविन सिस्ट्रॉम यांनी श्रेय उघडपणे स्नॅपचॅटला दिले, हे प्रामाणिक असले, तरी त्यामुळे उचललेली गोष्ट स्वतःची होत नाही. ॲपल आणि सॅमसंग यांच्यातील २०११ ते २०१८ या काळात चाललेल्या खटल्यातही डिझाइनबाबतचा वाद आयकॉनच्या मांडणीसारख्या विशिष्ट रूपांवर होता. स्पर्शाने चालणारी स्क्रीन ही कल्पना कुणाच्या एकट्याच्या मालकीची ठरली नाही.

आपल्या विद्यार्थ्यांना नवे काम हवे असेल, तर ते मराठी स्क्रीनवर भरपूर आहे: इंग्रजीच्या मापाने ठेवलेल्या ओळींत वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार एकमेकांना भिडतात, आणि लांब शब्द बटणात अर्धवट तुटतात.