आकडा चुकला आणि बातमी ‘चालली’

नऊ दिवस. चुकीचा आकडा आमच्या साइटवर नऊ दिवस तसाच होता. आणि तो चुकलाय हे बातमी पडल्यावर दोन तासांच्या आत एका वाचकाने खाली प्रतिक्रियेत लिहून ठेवलं होतं!

सगळं सांगते, कारण पोटात मावत नाहीये.

नाशिक-नगरच्या धरणांतून खाली मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणाला पाणी सोडायचं की नाही, हा वाद पाऊस कमी झाला की ऑक्टोबरात पेटतो. 2005 च्या कायद्यातलं समन्यायी वाटप, जायकवाडीत 65 टक्के साठा झाला की नाही, नसेल तर वरच्या धरणांनी किती सोडायचं. मी ही बातमी बरीच वर्षं करतेय. गणित अवघड नाही, पण एककं फसवी आहेत. नाशिककडे धरणाचं पाणी दलघफूत मोजतात, म्हणजे दशलक्ष घनफूट. जायकवाडीचा आकडा बरेचदा दलघमीत येतो, म्हणजे दशलक्ष घनमीटर. एका घनमीटरात पस्तीस घनफूट बसतात. गंगापूर धरणाची क्षमता 5,630 दलघफू. त्या संध्याकाळी पंधरा मिनिटांत तीन बातम्या टाकायच्या होत्या, आणि माझ्या हातून ‘फू’च्या जागी ‘मी’ पडलं. चूक माझी. ती मी कोणावर ढकलत नाही.

जायकवाडीचा उपयुक्त साठा 2,171 दलघमी. म्हणजे आमच्या बातमीप्रमाणे एकट्या गंगापूर धरणात दोन जायकवाड्या मावून वर पाणी शिल्लक राहत होतं. हे वाचून मराठवाड्यातल्या माणसाचं डोकं फिरणार नाही तर काय होणार? ज्याच्या दारात मार्चपासून टँकर येतो, त्याला आपण सांगतोय की वरचे लोक अडीच जायकवाडी दाबून बसलेत. मग सुरू झालं. “द्राक्षं पिकवा तुम्ही आमच्या पाण्यावर.” “तुम्ही उसाला पाजा आणि आमच्या नावाने बोंबला.” तिथून पक्ष, पक्षातून पुढारी, पुढाऱ्यावरून जात, आणि जात आली की आया-बहिणी आल्याच. रात्री अकरापर्यंत सहाशे प्रतिक्रिया.

त्या सहाशेत साधारण चाळिसावी प्रतिक्रिया अशी होती: “गंगापूरची क्षमता 5,630 दलघफू आहे, दलघमी नव्हे. दलघमीमध्ये ती सुमारे 159 होते. कृपया दुरुस्ती करावी.” खाली नाव, आणि ‘निवृत्त, पाटबंधारे खाते’. दोन जणांनी अंगठा दाबला होता. तिघांनी उत्तर दिलं होतं, त्यातलं पहिलं “आला नाशिकचा दलाल” असं. त्या गृहस्थांनी संयमाने पुन्हा लिहिलं, सोबत खात्याच्या तक्त्याची लिंक दिली. ती दुसरी प्रतिक्रिया कोणाला दिसलीच नाही. आमच्याकडे लिंक असलेली प्रतिक्रिया आपोआप अडकते आणि ती मोकळी करायला माणूस नाही. शिवी मात्र अडकत नाही. चाळणीत मराठी शिव्यांची यादी टाकलीय, पण अक्षरांच्या मध्ये एक टिंब टाकलं किंवा तीच शिवी रोमन लिपीत लिहिली की बिनबोभाट आत येते. पुरावा बाहेर, शिवी आत. ही आमची व्यवस्था!

नवव्या दिवशी एका कार्यकर्त्याने सभेत आमचा आकडा वाचून दाखवला आणि पाटबंधारे खात्यातून फोन आला. मी धावत डेस्कवर गेले. आकडा बदलते म्हटलं, खाली ठळक अक्षरांत दुरुस्ती लिहिते म्हटलं. तर उत्तर काय? “आकडा गुपचूप बदल. दुरुस्ती लिहू नकोस. खालच्या सहाशे कॉमेंट त्याच आकड्यावर आहेत, त्यांना अर्थच राहणार नाही. आणि बातमी अजून चालतेय.”

चालतेय! नऊ दिवस दोन भागांतली माणसं एका खोट्या आकड्यावरून एकमेकांच्या अंगावर जातायत, आणि आमच्या दृष्टीने बातमी चालतेय. त्या भांडणाला अर्थ राहावा म्हणून दुरुस्ती लिहायची नाही. म्हणजे खालच्या प्रतिक्रियांसाठी वरची बातमी वाकवायची. मला त्या दिवशी भोवळ आली.

पूर्वी असं नव्हतं, हे मी आठवणीच्या गोडव्याने म्हणत नाही, मी ते काम केलंय. छापील अंकात होते तेव्हा सुरुवातीचं दीड वर्ष मी वाचकांच्या पत्रांवर होते. आमचे ज्येष्ठ उपसंपादक प्रत्येक पत्र वाचायचे. पोस्टकार्डही. अक्षर लागत नसेल तर भिंग घेऊन बसायचे. पत्रात एखादा आकडा, एखादा आरोप असला की मला म्हणायचे, “फोन लाव, विचारून घे, मग छापू.” पत्र कापायचे, पण माणसाचं म्हणणं कापायचे नाहीत. आणि एखाद्या पत्राने आमची चूक दाखवली असेल तर ते सगळ्यात वर जायचं. मुंबईत पत्रलेखकांचा स्वतःचा संघ आहे, वृत्तपत्र लेखक संघ. पत्र लिहिणं ही जबाबदारी मानणारी इतकी माणसं या भाषेत होती. अजून आहेत, आमच्या त्या निवृत्त अभियंत्यासारखी.

आणि ही काही नवी गोष्ट नाही. 1848 मध्ये भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात ‘लोकहितवादी’ या नावाने पत्रं यायला लागली. गोपाळ हरी देशमुखांची ती शतपत्रं. एका माणसाने पत्रं लिहिली, एका संपादकाने ती छापली, आणि पुणेकरांना आपल्या रूढींकडे मान वळवून बघावं लागलं. टोपणनावानेच लिहिलेली होती, हेही लक्षात घ्या. त्यामुळे “लोक खोट्या नावाने लिहितात म्हणून घाण होते” हे मला सांगू नका. आमच्याकडे स्वतःचं नाव, कुटुंबासोबतचा फोटो आणि ‘शिक्षक’ असा हुद्दा लावून गलिच्छ लिहिणारे रोज येतात. नावाचा प्रश्न नाही. वाचणारं कोणी उरलंय का, हा प्रश्न आहे. आमच्याकडे प्रतिक्रिया मोजतात, वाचत नाहीत.

मोजल्या की काय होतं ते ऐका. सकाळच्या बैठकीत पडद्यावर यादी येते: कोणत्या बातमीवर किती प्रतिक्रिया. मी उन्हाळ्यात सुरगाणा आणि पेठ तालुक्यांत चार दिवस फिरले होते. पावसाळ्यात धो-धो पाऊस पडणारा तो भाग, आणि एप्रिलमध्ये बायका विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने पाणी भरतात. त्या बातमीला प्रतिक्रिया चार. त्याच दिवशी एका अभिनेत्रीच्या ब्लाऊजवर टाकलेल्या चार ओळींना नऊशे. बैठकीत निर्णय काय झाला असेल? सुरगाण्याला पुन्हा कोणाला पाठवलं नाही. ब्लाऊजवर मात्र दुसऱ्या दिवशी आणखी एक बातमी आली, आणि ती नऊशे प्रतिक्रियांमधूनच बनवलेली: “नेटकरी भडकले, म्हणाले...”

हा ‘नेटकरी’ शब्द दिसला की माझं रक्त उसळतं. कोण हे नेटकरी? खालच्या प्रतिक्रियांतल्या सर्वांत घाणेरड्या पाच निवडायच्या, त्यांच्या भोवती तीन परिच्छेद लिहायचे आणि मथळा द्यायचा की महाराष्ट्र संतापला. महाराष्ट्र कुठे संतापला? पाच रिकामटेकडी माणसं संतापली, आणि त्यांना संतापायला आपणच जागा करून दिली. मग ही दुसरी बातमी वाचून आणखी लोक येतात, आणखी घाण करतात, त्यातून तिसरी बातमी. त्या अभिनेत्रीला फोन करून तिचं म्हणणं विचारायला मात्र कोणाकडे दोन मिनिटं नसतात.

मथळेही आता खालची भांडणं डोळ्यांपुढे ठेवून लिहितात. पाण्याच्या बातमीला मी ‘जायकवाडीसाठी विसर्गाचा निर्णय आज’ असा मथळा दिला होता. तो बदलून ‘नाशिकचं पाणी मराठवाड्याला का द्यायचं? तुम्हाला काय वाटतं?’ असा झाला. अरे, कायद्याने ठरलेल्या वाटपाच्या प्रश्नावर ‘तुम्हाला काय वाटतं’ काय? हा आवडीचा चहा विचारण्याचा प्रकार आहे का?

आणि कोणी म्हणेल, खाली काहीही लिहिलेलं असो, शहाणा माणूस बातमीच वाचतो. नाही वाचत तशी. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी हे तपासलंय. अकराशेहून जास्त लोकांना नॅनोतंत्रज्ञानावरचा एकच समतोल मजकूर वाचायला दिला. काहींना खाली सभ्य प्रतिक्रिया दाखवल्या, काहींना शिवराळ. मजकूर तोच. पण शिवराळ प्रतिक्रिया वाचणाऱ्यांची त्या तंत्रज्ञानाच्या धोक्याबद्दलची मतं जास्त टोकाला गेली. वरचा मजकूर खालच्या भाषेने बदलून टाकला. ‘पॉप्युलर सायन्स’ या अमेरिकी विज्ञान नियतकालिकाने 2013 मध्ये याच अभ्यासाचा दाखला देऊन प्रतिक्रिया बंद केल्या. पुढच्या वर्षी रॉयटर्सने बातम्यांखालच्या बंद केल्या, 2016 मध्ये अमेरिकेच्या एनपीआर या रेडिओ संस्थेने. या दोघांचं म्हणणं साधारण एकच, की चर्चा आता समाजमाध्यमांवर होते, तिकडे करा.

त्यांचाही मला राग आहे. घरात कचरा साठला म्हणून दार चिणून टाकायचं? आणि कचरा शेजारच्या अंगणात गेला म्हणजे संपला? माझ्या बातमीत चूक झाली तर सांगणारा माणूस कुठे जाणार? फेसबुकवर कोणत्या तरी भलत्याच पानाखाली लिहिणार, जिथे मी कधी फिरकत नाही. दार बंद झालं असतं तर त्या गृहस्थांना चाळिसावी प्रतिक्रियाही लिहिता आली नसती.

बायकांचं तर मी वेगळं सांगायलाच हवं. ‘गार्डियन’ने 2016 मध्ये स्वतःच्या साइटवरच्या सात कोटी प्रतिक्रिया तपासल्या. सर्वाधिक गलिच्छ प्रतिक्रिया वाट्याला आलेल्या दहा लेखकांत आठ बायका, आणि उरलेले दोन पुरुष कृष्णवर्णीय. मला हे वाचून धक्का बसला नाही. पाण्याच्या बातमीखाली माझ्या फोटोवर काय काय लिहिलं गेलं ते मी इथे लिहिणार नाही. माझी मुलगी आता अकरावीत आहे, ती आईचं नाव शोधून वाचते. एकदा तिने विचारलं, “आई, हे काढत का नाही कोणी?” मी डेस्कला सांगितलं होतं. उत्तर मिळालं, “दुर्लक्ष कर, त्याच बातमीला सर्वांत जास्त प्रतिसाद आहे.” माझ्याच शरीरावरच्या घाणीची गणती माझ्याच बातमीच्या यशात धरली. हे मी विसरणार नाही.

करता येत नाही असं नाही, म्हणून जास्त चीड येते. नॉर्वेच्या सरकारी प्रसारण संस्थेच्या ‘एनआरकेबीटा’ या साइटने 2017 मध्ये एक साधी गोष्ट केली. प्रतिक्रिया लिहिण्याआधी बातमीवरचे तीन छोटे प्रश्न. उत्तरं बरोबर आली तरच लिहा. म्हणजे निदान बातमी वाचलेली असावी, आणि वाचता वाचता डोकं थोडं थंड व्हावं. आमच्याकडे हे मी बैठकीत सुचवलं. “मग प्रतिक्रिया कमी येतील ना,” म्हणाले. हो, कमी येतील! यायलाच हव्यात! सहाशे जणांनी मथळा वाचून आईबहीण काढण्यापेक्षा साठ जणांनी बातमी वाचून लिहिलेलं मला हवंय. त्या साठांत एक पाटबंधाऱ्याचा माणूस असतो, एक शिक्षिका असते, एक टँकरचालक असतो ज्याला नेमकं माहीत असतं की टँकर कागदावर किती फेऱ्या मारतो आणि गावात किती. ही माणसं माझ्यासाठी सोन्याची आहेत. कोणताही बातमीदार एकटा इतकं जाणू शकत नाही. आणि आम्ही ती एकेक करून हाकलून दिली.

एक माणूस ठेवा म्हणतेय मी. दिवसाचे आठ तास प्रतिक्रिया वाचणारा एक माणूस. शिवी काढेल, लिंक तपासून मोकळी करेल, चूक दाखवणाऱ्याची प्रतिक्रिया उचलून बातमीदाराकडे पाठवेल. एका उपसंपादकाचा पगार. “परवडत नाही” म्हणतात, आणि त्याच महिन्यात व्हिडिओ स्टुडिओला नवे दिवे लागतात.

दुरुस्ती मी शेवटी लिहिलीच. भांडून, संपादकांच्या केबिनमध्ये अर्धा तास उभी राहून. दोन ओळी, बातमीच्या तळाशी, बारीक अक्षरांत. मग त्या गृहस्थांचा ईमेल नोंदणीत सापडला, त्यांना पत्र लिहून माफी मागितली, त्यांनी नंबर कळवला आणि आम्ही बोललो. चौतीस वर्षं खात्यात होते म्हणाले. आवाजात राग अजिबात नव्हता, त्यानेच मला जास्त लागलं. मी म्हटलं, “सर, पुढेही असंच कळवत राहा.”

“फोन करत जा ताई, आकडे केव्हाही सांगेन,” ते म्हणाले. “पण तिथे खाली मी आता लिहिणार नाही. माझ्या सुनेने ती उत्तरं वाचली, तिला फार वाईट वाटलं.”