डावे चव्वेचाळीस, उजवे छत्तीस

इंदूरमध्ये कुणी नवं दुकान काढलं की मालकाची फर्माईश ठरलेली असते: दिसायला मॉलसारखं हवं, भाव सियागंजच्या ठोक बाजाराचा हवा. जागा बाराशे चौरस फूट, त्यातली पाव गोदामाला, मधोमध एक खांब जो नकाशात नव्हता, आणि उरलेल्या जागेत रॅक, टोपल्या, ट्रॉल्या, कॅश काउंटर व शिवाय "जरा मोकळंढाकळं" असं सगळं बसवायचं. दुकानांची ही फिटिंग निवडून देणं हा माझा धंदा. बोलणी मी सकाळी पोह्यांनंतरच ठेवतो. पोटात पोहे-जिलेबी असलेला इंदुरी माणूस तासभर तरी दुसऱ्याचं ऐकून घेतो.

तो तास रंगात जातो. मालक काकांना निळा हवा असतो, वहिनींना पिस्ता, आणि भाच्यानं मोबाइलवर दुबईच्या कुठल्याशा दुकानाचा फोटो काढून ठेवलेला असतो. भांडून भांडून शेवटी पांढरा ठरतो. पण रंगाच्या आरएएल तक्त्यात ९००३, ९०१० आणि ९०१६ हे तिन्ही पांढरेच आहेत, आणि शेजारी शेजारी उभे केले की तिघांचं एकमेकांशी पटत नाही. बिलावर नुसतं "पांढरा" लिहिलं तर दिवाळीला मागवलेल्या जादा रॅक दुसऱ्याच पांढऱ्या येतात. आकडा लिहून घ्यायचा.

रंगानंतर मी पत्र्याचा विषय काढतो, आणि तिथे सगळे चहा मागवतात.

"काका, फळ्या वीस गेजच्या घ्यायच्या की बावीस?"

"बावीसच्या घे. दोन जास्त आहेत ना!"

गेजमध्ये आकडा वाढला की पत्रा पातळ होतो. वीस गेज म्हणजे सुमारे ०.९ मिमी, बावीस म्हणजे ०.७, आणि चोवीस म्हणजे ०.५५ च्या आसपास, ज्यावर फार तर पापड ठेवावेत. म्हणून बिलावर गेज नको, मिलिमीटर लिहून घ्यावेत, तेही रंगाआधीच्या पत्र्याचे. पावडर कोटिंगचा, म्हणजे पूड फवारून भट्टीत भाजलेल्या रंगाचा, थर साधारण ६० ते ८० मायक्रॉनचा असतो. दोन्ही बाजूंचा मिळून ०.१२ ते ०.१६ मिमी झाला. तयार फळीला जाडी मोजायचा कॅलिपर लावून दाखवणारा विक्रेता तेवढ्यात एक गेज खिशात घालतो.

"एका फळीवर शंभर किलो" हे वाक्य प्रत्येक विक्रेत्याला पाठ असतं. वजन सगळ्या फळीवर सारखं पसरलेलं हवं, हा त्या वाक्याचा उत्तरार्ध त्याला पाठ नसतो. ९०० मिमीच्या फळीवर दहा किलोच्या आट्याच्या पिशव्या तीन रांगांत चार-चार रचल्या की १२० किलो झाले, आणि नोकर त्या मध्यापासूनच रचायला घेतो. फळी उलटी करून बघा. पोटाशी आडवी पट्टी वेल्ड केलेली असेल तर ती तग धरेल. नसेल तर फळीला सहा महिन्यांत झोळ येतो. आटा, तेलाचे डबे, साखर हे सगळं तळफळीवर. मधल्या दुहेरी रॅकच्या बाबतीत आणखी एक पथ्य: माल दोन्ही अंगांनी भरायचा आणि दोन्ही अंगांनी उतरवायचा. एक बाजू धुण्यासाठी पूर्ण रिकामी केली की दुसरी बाजू रॅकला आपल्याकडे ओढते. भिंतीलगतच्या सात फुटी रॅक तर भिंतीला क्लॅम्पनं बांधल्याशिवाय माल चढवूच नये.

आता हिशेबातली मेख. कोटेशनमध्ये "प्रति रॅक" म्हणून जो गोड आकडा असतो, तो बहुधा ॲड-ऑनचा असतो. ओळीतल्या पहिल्या रॅकला, म्हणजे मेन युनिटला, दोन उभे खांब लागतात. पुढची प्रत्येक रॅक आधीच्या खांबाला टेकून एकाच खांबावर निभावते, म्हणून ती स्वस्त. सहा रॅकच्या दोन ओळी म्हणजे दोन मेन आणि दहा ॲड-ऑन. दुकानाच्या मधोमधच्या त्या अवचित खांबानं एक ओळ तोडली की मेन तीन झाले. काकांनी मात्र बारा गुणिले गोड आकडा करून घरी सांगून टाकलेलं असतं.

मापांचंही तसंच. बोलण्यातली "तीन फुटी" रॅक कारखान्यात ९०० मिमीची असते. तीन फूट म्हणजे ९१४. दहा रॅकच्या ओळीत चौदा सेंटिमीटर उरतात. त्यात काही मावत नाही, फक्त उंदीर मावतो. उलटंही होतं. वीस फुटी भिंत म्हणजे ६०९६ मिमी, तिच्यात मीटरच्या सहा रॅक बसायला हव्यात, पण शेवटच्या खांबाची जाडी, भिंतीचं स्कर्टिंग आणि शटरची पट्टी यांना धरलेलंच नसतं. भिंत वर, मध्ये आणि फरशीजवळ अशी तीनदा मोजावी आणि त्यातलं सगळ्यात लहान माप खरं मानावं. राजवाड्याकडच्या जुन्या घरांत तर तिन्ही मापं वेगळी येतात आणि मालक प्रत्येक वेळी टेपकडे संशयानं बघतो.

घोडं सगळ्यात जास्त अडतं ते ब्रॅकेटपाशी. एका फळीला खालून धरायला दोन ब्रॅकेट लागतात, एक डावा, एक उजवा. चाळीस फळ्यांना ऐंशी. बिलावर "ब्रॅकेट ८० नग" असतं, गठ्ठ्यात ऐंशी नग निघतात, सही होते, टेम्पो जातो. मग जोडणीला बसल्यावर कळतं की डावे चव्वेचाळीस आहेत आणि उजवे छत्तीस. बेरीज जुळली, चार फळ्या जमिनीवर राहिल्या. कुणीतरी हुशार मुलगा डाव्याला उजव्याच्या जागी ठोकून बसवतो. फळी बसल्यासारखी दिसते, पण तिला धरून ठेवणारी खाच बाहेरच्या अंगाला राहते, आणि गिऱ्हाईकानं पुढचा डबा उचलला की मागची बाजू फळी सोडून देते. म्हणून टेम्पो जायच्या आत डावे-उजवे वेगळे मोजावेत. आणि चार कमी पडले म्हणून दुसऱ्या दुकानातून आणायला धावू नये. खांबावरच्या खाचांमधलं अंतर एकाकडे २५ मिमी तर दुसऱ्याकडे ५०, ब्रॅकेटच्या दातांचा आकार निराळा. दिसायला भाऊ, बसायला सावत्र.

जोडणीचा क्रम मुलांना भिंतीवर लिहून द्यावा: खांबाला पाय, लेव्हल, तळफळी, मग पाठीचे पत्रे खालून वर, वरची आडवी पट्टी, आणि सगळ्यात शेवटी ब्रॅकेट व फळ्या. पाठीचे पत्रे राहिले की बसवलेल्या फळ्या उतरवणं आलं. लेव्हल करताना सुरुवात फरशीच्या सगळ्यात उंच जागेपासून करायची, कारण पायातला बोल्ट रॅकला फक्त वर उचलू शकतो, खाली नेऊ शकत नाही. जुन्या दुकानांत कोटा फरशीला मोरीकडे उतार दिलेला असतो. मीटरमागे एक सेंटिमीटर धरला तरी सहा मीटरच्या ओळीत सहा सेंटिमीटर होतात, आणि तेवढी बोल्टची ऐपत नसते. मग पायाखाली पुठ्ठा सारला जातो. आमच्या शहराला स्वच्छतेचा नाद आहे. दिवसातून दोनदा पोछा फिरतो, पुठ्ठा चौथ्या दिवशी लगदा होतो आणि रॅक मोरीकडे बघायला लागते. लोखंडी पट्टीचे तुकडे घालावेत, आणि रॅकच्या पायांना पोछ्याच्या पाण्यानं गंज धरतो तो आधी पत्र्याच्या कापलेल्या कडेला धरतो, तिथे रंग पोचलाय का ते घेतानाच बोटानं चाचपावं.

फळ्यांतलं अंतर हा पैशाचा सगळ्यात मोठा खड्डा. सात फुटी रॅकला चारच फळ्या आणि एक तळफळी दिली की दोन फळ्यांत सुमारे ४०० मिमी येतात. त्यात जिरावण मसाल्याची चार इंची डबी उभी केली की वरचे बारा इंच रिकामे, आणि भाडं त्या हवेचंही भरायचं. वस्तूची उंची अधिक हात घालायला दोन-अडीच इंच, एवढंच अंतर पुरतं. म्हणून कोटेशन मागतानाच जादा फळीचा भाव वेगळा विचारावा. तो रॅक ठरल्यानंतर विचारला तर अडला हरी.

इंदूरच्या दुकानाचा खास छळ म्हणजे शेव. हवा भरलेली फुगीर पाकिटं गुळगुळीत पावडर कोटिंगवर उभी राहत नाहीत. मागचं पाकीट पुढच्याला ढकलतं, पुढचं फरशीवर उतरतं, आणि लवंग शेवेचा भुगा होतो. फळीला पुढे तारेची तीन इंची अडवणी आणि मध्ये तारेचे दुभाजक लावले तर निभतं. एक किलोची पाकिटं तारेच्या खोल डंप बिनमध्ये, म्हणजे उघड्या पिंजऱ्यात, आडवीच टाकावीत. हुकांवर टांगायची तर छोटी पाकिटंच, आणि हुक आठ इंचांहून लांब नको, नाहीतर मागचं पाकीट काढायला गिऱ्हाईक पुढची सगळी उतरवून तळहातावर धरून उभं राहतं.

आता टोपल्या. साधारण वीस लिटरची हातातली टोपली किराण्याला पुरते. विक्रेता दोन टोपल्या पुढे करतो, दिसायला जुळ्या, भावात तिसऱ्या हिश्शाचा फरक. वजन करून उपयोग नाही, कारण स्वस्त प्लास्टिकमध्ये खडूची भुकटी मिसळली की ते उलट जड होतं. त्याला सांगायचं, एखाद्या तुटक्या टोपलीचा तुकडा दे. नळाला नर्मदेचं पाणी आलं की बादलीत टाकायचा, त्याला चिकटलेले बुडबुडे बोटानं पुसून. पॉलिप्रॉपिलीन किंवा एचडीपीई हे टोपल्यांचं चांगलं प्लास्टिक पाण्याहून हलकं असतं, तरंगतं. भुकटी फार असेल तर तुकडा तळाशी जातो, आणि त्या जातीची टोपली पहिल्या थंडीत कडेनं तडकते. मग पाच टोपल्या एकात एक घालून वरून तळहातानं दाबायच्या आणि वरची उचलायची. एकटी आली तर घ्यावी. दोन-दोन जोडीनं येत असतील तर रविवारी संध्याकाळी दाराशी रस्सीखेच ठरलेली. तिसरी परीक्षा दांडीची. ती जिथे काठात अडकते तिथेच टोपली मरते, म्हणून टोपली भरून दांडी धरून हिसका द्यायचा. तारेची टोपली घेत असाल तर आतून-बाहेरून कापसाचा बोळा फिरवा. वेल्डिंगच्या टोकाला कापूस अडकला तर उद्या तिथेच कुणाची तरी महेश्वरी साडी अडकणार आहे.

एवढं करून गिऱ्हाईक टोपली घेतच नाही. "दोनच वस्तू घ्यायच्यात" म्हणून आत शिरलेल्या मावशी छातीशी अकरा वस्तू कवटाळून हनुवटीनं मेतकुटाची पुडी सांभाळत काउंटरला येतात. हा आजार आपल्याकडचाच नव्हे. अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीला सिल्व्हन गोल्डमन या दुकानदारानं १९३७ मध्ये घडीच्या खुर्चीवरून सुचलेली चाकांची गाडी आणली, तेव्हा बायकांना ती बाबागाडी वाटली आणि पुरुषांना कमीपणा. शेवटी त्यानं पगारी माणसं ठेवून ती दुकानात ढकलायला लावली. आपण पगारी माणसं ठेवू नयेत, फक्त सगळ्या टोपल्या दाराशी रचू नयेत. दाराशी कुणालाच टोपली नको असते. तिसरी वस्तू हातात आली की हवी असते, म्हणून एक गठ्ठा दुकानाच्या मध्यावर, स्टँडवर, कमरेच्या उंचीला. जमिनीवर ठेवलेला गठ्ठा जसजसा उतरतो तसतसं गुडघे दुखणारं गिऱ्हाईक टोपलीशिवाय पुढे जातं.

ट्रॉलीचा मोह काकांना फार. बोट ठेवतात ते १८० लिटरच्या ट्रॉलीवर. बाराशे फुटांच्या दुकानाला ८० ते १०० लिटरची चार-पाच बास. ट्रॉली पावणेदोन-दोन फूट रुंद, दोन समोरासमोर जायच्या तर पाच फुटी वाट हवी. आपली वाट साडेतीन फूट, आणि तीतही लोकमान्यनगरच्या दोन ओळखीच्या बायका भेटल्या की गणपतीच्या कार्यक्रमांची पत्रिका ठरेपर्यंत वाहतूक बंद. वाट चार फुटांहून कमी असेल तर ट्रॉली सोडा, दोन चाकांची ओढायची टोपली घ्या. ट्रॉली घेतलीच तर मागची दोन चाकं स्थिर असलेली. चारही चाकं फिरती असली की उताराच्या फरशीवर ती मोरीकडे चालते आणि गिऱ्हाईक तेलाकडे. चाक थरथरायला लागलं की तेल ओतू नका, आधी उलटं करून बघा: पोत्याची सुतळी आणि केस आसाला गुंडाळलेले असतात. ब्लेडनं कापून काढले की बहुतेक वेळा चाक सुधारतं.

काउंटरला टोपली ठेवायची जागा कुणीच धरत नाही. बिल होताना टोपली कुठे तरी हवी, म्हणून काउंटरच्या आधी फूटभर रुंद फळी, सुमारे ८५ सेंटिमीटर उंचीवर. रिकामी टोपली कॅशियरच्या पायाशी जाते, आणि सात वाजता चित्र असं असतं की दाराशी एकही टोपली नाही व कॅशियरला पाय ठेवायला जागा नाही. तिथे खाली चाकांचा स्टँड ठेवावा. गठ्ठा झाला की मुलानं ढकलत दाराशी न्यावा, एक-एक नेऊ नये.

एवढ्या दुकानाला तीस टोपल्या धराव्यात, आणि वर पाच-सहा, कारण टोपल्या आटतात. एक गोदामात फुटक्या पुड्या साठवते, एक समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे कागद सांभाळते, एकीत माळ्यावर दिवाळीच्या लाइटच्या माळा असतात. दोन काकांच्या स्वयंपाकघरात सापडतात, एकीत कांदे, एकीत बटाटे. त्या परत मागायचं काम मी करत नाही.